डावी बाजू दीड इंच

टेपनं आधी सांगितलं, एक्स-रेनं नंतर.
संक्रांतीच्या झंपरासाठी माप घेत होतो:
खांद्यापासून कमरेपर्यंत
उजवीकडे चौदा, डावीकडे साडेबारा.
वाटलं, टेपला पीळ पडला.
पुन्हा धरली.
दुर्पता म्हणाली, "काहून थांबले?
बेचाळीस वर्षं झाली, माप पाठ नाही झालं का अजून?"

पाठच होतं.
म्हणून तर थांबलो.

आर्वीच्या दवाखान्यात बंद पंख्याखाली तीन तास.
बाकावर सगळी वाकलेली माणसं,
कोणी पुढं, कोणी बाजूला,
उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्यांसारखी.
डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली.
त्यांना मणके दिसत होते,
मला धावदोरा दिसला,
घाईत घातलेला, डावीकडे ओढला गेलेला,
एका अंगानं टाक्याला टाका भिडलेला.

"सरळ होईल का, साहेब?"
"सरळ नाही होणार. दुखणं कमी होईल."
नागपूरला ऑपरेशन होतं, तेही बोलले,
मग हिची साखर पाहिली, हाडं किती विरली ते पाहिलं
आणि कागदावर ते लिहिलंच नाही.

बाहेर आलो. तिला बाकावर बसवून एकटाच परत आत गेलो.
"माझ्या मशीनच्या बाजूला बसायची, साहेब,
दाराच्या उजेडाकडे झुकून. काज, बटन, हेम.
हजारो काज. त्यानंच झालं ना?"
त्यांनी चष्मा काढला.
"झीज आहे ही, वयाची.
जन्मात सुई न धरलेल्यांनाही होते."
मला बरं वाटायला पाहिजे होतं.

मेश्राम म्हणून एक पोरगी व्यायाम शिकवते,
आमच्या नातीहून दोन वर्षांनी मोठी असेल.
"आजी, भिंतीला पाठ लावा. पोट आत. दहा मोजा."
दुर्पता सातवर थांबते.
"बाकीचे तीन उद्या मोजतो."

पट्टा दिवसाचे दोनच तास,
जास्त बांधला तर पाठ आळशी होते म्हणे.
गोळी रोज नाही, फार झालं तरच.
फार म्हणजे किती, हे तिनं ठरवायचं.
ती कधी ठरवतच नाही.
रात्री कूस बदलताना खाट करकरते
तेव्हा मी उठून ठरवतो.

मी शिंपी माणूस, करून काय करणार?
जुन्या पॅन्टच्या अस्तराची पिशवी शिवली,
आत जाडं मीठ,
ते एका कोपऱ्यात जमू नये म्हणून आडव्या टिपा.
विझत्या चुलीवरच्या तव्यावर शेकायची,
चटका नको म्हणून आधी आपल्या गालाला लावून पाहायची,
मग तिच्या कमरेखाली.

सायकलीचा शोध मात्र तिचा.
चालताना पाय भरून यायचे, मुंग्या यायच्या,
दर तीन घरांआड कोणाचा तरी ओटा शोधावा लागायचा.
एक दिवस माझी सायकल हाताशी होती.
हॅन्डल धरून जरा पुढं झुकली
आणि गिरणीपर्यंत न बसता गेली,
परतही आली, दळण कॅरिअरवर.
मेश्राम पोरीनं ऐकून टाळीच वाजवली:
पुढं झुकलं की आतल्या नसांना जागा मिळते.
आता गावात बोलतात,
"दुर्पताबाई सत्तरीत सायकल शिकून राह्यल्या!"
ही म्हणते, "शिकली ना मी. बसत नाही, एवढंच."

झंपर अजून कापायचाच होता.
संक्रांत कधीच होऊन गेली होती.
डावी बाजू दीड इंच आखूड कापली,
बगलेत एक जादा चूण घेतली,
हेम घालायला मीच बसलो, दारात, चष्मा लावून.
काजही मीच केले. वाकडे आले.

घालून ती आरशासमोर उभी राहिली.
खालची किनार एका रेषेत.
"आता कंबर बरी झाली वाटते," म्हणाली,
आणि हसता हसता कळ आली तिला.
भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले,
मोजू लागली.
सातवर थांबली.
आठ, नऊ, मीच म्हटलं.